आमंत्रणाच्या मेलमध्येच पहिला प्रश्न: क्लिक करता येणारी उत्तरं कशी बसवायची

सर्वेक्षणाचं आमंत्रण बहुतेक वेळा ठरावीक साच्यात जातं. नमस्कार, चार ओळींची प्रस्तावना आणि शेवटी निळ्या अक्षरांत ‘येथे क्लिक करा’. आत किती प्रश्न आहेत, किती वेळ जाणार, विचारणार काय, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी पहिला प्रश्न मेलमध्येच मांडला आणि त्याखाली पाच उत्तरं दिली, तर वाचता वाचता मनात उत्तर तयार होतं. ते दाबायला वेगळं निमंत्रण लागत नाही.

हे करायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मात्र आतली यंत्रणा नीट समजून घ्यावी लागते, कारण इथल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. मेल सुंदर दिसतो, बटणं निळीशार दिसतात आणि उत्तरं मात्र भलतीच जमा होतात.

मेलमध्ये फॉर्म नसतो, लिंक असतात

मेलमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही. वेबपानावर असतो तसा फॉर्म मेलमध्ये घातला तर काही ठिकाणी तो दिसतो, काही ठिकाणी नुसते मृत गोल दिसतात आणि काही ठिकाणी पाठवण्यापूर्वी धोक्याची सूचना येते. विंडोजवरचा जुना, म्हणजे क्लासिक आउटलुक २००७ सालापासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतो. तिथे तर फॉर्मचा विचारही करू नये.

म्हणून मेलमधला ‘प्रश्न’ म्हणजे प्रत्यक्षात पाच वेगवेगळ्या लिंक असतात. पाचही लिंक एकाच सर्वेक्षणाकडे जातात, पण प्रत्येकीच्या शेपटीला वेगळं उत्तर चिकटवलेलं असतं. वाचणारा ‘पूर्ण समाधानी’वर क्लिक करतो, ब्राउझर उघडतो, सर्वेक्षणाचं पान येतं आणि त्यावर पहिल्या प्रश्नाचं ते उत्तर आधीच निवडलेलं असतं. पुढचे प्रश्न तो तिथेच सोडवतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: क्लिक म्हणजे उत्तर नव्हे. क्लिक झाल्यावर उत्तर कुठे, कधी आणि कुणाच्या नावावर नोंदलं जातं, हे तुम्ही वापरत असलेल्या साधनावर ठरतं. गूगल फॉर्म्समध्ये माणसाने पानाच्या तळाशी ‘सबमिट’ दाबल्याशिवाय काहीच नोंदलं जात नाही. सर्व्हेमंकी, क्वाल्ट्रिक्स अशा साधनांत पहिला प्रश्न मेलमध्ये बसवण्याची तयार सोय आहे आणि अशा काही साधनांत क्लिकबरोबर पहिलं उत्तर साठवलं जातं, मग माणूस पुढचे प्रश्न अर्धवट सोडून गेला तरी चालतं. तुमच्या साधनात काय होतं हे पाहायचं तर स्वतःला मेल पाठवा, एक पर्याय दाबा, लगेच पान बंद करा आणि निकालात ओळ पडली का बघा.

खालच्या सगळ्या पायऱ्या गूगल फॉर्म्स आणि जीमेल धरून लिहिल्या आहेत, कारण दोन्ही फुकट आहेत आणि बहुतेकांकडे असतात. नमुना म्हणून एक वाचनालय घेऊ. साडेतीनशे सभासद, आणि सगळ्यांना विचारायचं आहे: ‘गेल्या तीन महिन्यांत हवं ते पुस्तक मिळण्याबाबत तुम्ही किती समाधानी आहात?’

पायरी १: मेलमध्ये जाईल असा प्रश्न निवडा

प्रत्येक प्रश्न मेलमध्ये बसत नाही. एकाच उत्तराचा प्रश्न हवा. ‘लागू असतील ते सगळे पर्याय निवडा’ हा प्रकार मेलमध्ये अशक्य आहे, कारण पहिल्या क्लिकलाच माणूस मेलमधून बाहेर पडतो. पर्याय दोन ते पाच असावेत. उत्तर द्यायला आठवणीवर ताण पडू नये, आणि प्रश्न खासगी नसावा. उत्पन्न, आजार, जात, मतदान असे विषय पहिल्या प्रश्नात आणले तर माणूस मेल बंद करतो, आणि ते योग्यच आहे.

शून्य ते दहा असा ‘तुम्ही आमची शिफारस कराल का’ हा प्रश्न बरेच जण मेलमध्ये घालतात. फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ साली मांडलेली ही एनपीएस (नेट प्रमोटर स्कोअर) पद्धत. ९ व १० देणारे समर्थक, ७ व ८ तटस्थ, ० ते ६ नाराज, आणि समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा करायची. पद्धत वाईट नाही, पण अकरा बटणं एका ओळीत बसवून पाहा. लहान फोनचा पडदा ३२० पिक्सेल रुंद, दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेल सोडले तर उरले ३००. भागिले अकरा, म्हणजे एका बटणाला जेमतेम २७ पिक्सेल. बोटाने दाबण्याच्या जागेसाठी ॲपलची शिफारस ४४ पॉइंटची आहे आणि अँड्रॉइडची ४८ एककांची. आठ दाबायला गेलेलं बोट नऊवर पडतं आणि नाराज, तटस्थ, समर्थक यांच्या सीमारेषा तर एकेका आकड्यावरच आहेत. नवख्यांनी पाच पर्यायांवरच थांबावं.

पर्याय समतोल ठेवा. ‘उत्तम, छान, चांगलं, बरं, वाईट’ यात चार शब्द एका बाजूला आणि एकच दुसऱ्या बाजूला आहे. आपल्या नमुन्यात असे पाच घेऊ:

१ – अजिबात समाधानी नाही
२ – फारसं समाधान नाही
३ – ठीकठाक
४ – बऱ्यापैकी समाधानी
५ – पूर्ण समाधानी

ज्याने तीन महिन्यांत पुस्तकच नेलं नाही त्याचं काय? त्याच्यासाठी सहावी ओळ हवी: ‘या काळात पुस्तक घेतलं नाही’. ही ओळ कोणतंही उत्तर न चिकटवलेल्या साध्या लिंकवर जाईल. ती ठेवली नाही तर ही माणसं ‘ठीकठाक’ दाबतात आणि तुमचा मधला आकडा उगाच फुगतो.

पायरी २: फॉर्म तयार करा, पण पहिला प्रश्न पट्टीचा ठेवा

गूगल फॉर्म्समध्ये पहिला प्रश्न ‘मल्टिपल चॉइस’ ठेवण्याचा मोह होतो. आमचा आग्रह ‘लिनिअर स्केल’चा आहे, म्हणजे १ ते ५ अशी आकड्यांची पट्टी. १ च्या बाजूला ‘अजिबात समाधानी नाही’ आणि ५ च्या बाजूला ‘पूर्ण समाधानी’ अशी लेबलं द्या. मधले शब्द मेलमध्ये असतीलच, शिवाय प्रश्नाखालच्या वर्णनातही पाचही आकड्यांचे अर्थ लिहा.

पट्टी का, हे मराठीत काम करणाऱ्याने समजून घ्यायलाच हवं. लिंकला चिकटवलेलं उत्तर फॉर्ममधल्या पर्यायाशी अक्षरन्‌अक्षर जुळावं लागतं. जुळलं नाही तर फॉर्म चूक दाखवत नाही, नुसता काहीच न निवडता उघडतो. आता ‘बऱ्यापैकी’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त लावतात. काही साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. फॉर्म एकाने फोनवर टाइप केला आणि लिंक दुसऱ्याने लॅपटॉपवर बनवली, तर चौथा पर्याय मुकाट्याने निकामी होतो, बाकीचे चार चालतात, आणि आठवडाभराने निष्कर्ष निघतो की ‘बऱ्यापैकी’ कुणालाच वाटत नाही.

दुसरं कारण लांबीचं. वेबपत्त्यात देवनागरी अक्षर थेट जात नाही. त्याचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला नऊ अक्षरं, आणि काना-वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं. ‘समाधानी’ची सात चिन्हं लिंकमध्ये ६३ अक्षरं होतात. ‘अजिबात समाधानी नाही’ला दीडशेच्या वर जागा लागते. अशी लिंक चालते, पण हाताने तपासता येत नाही. पट्टीच्या लिंकच्या शेवटी फक्त एक आकडा असतो आणि तो डोळ्यांनी वाचता येतो.

पट्टी वापरायची नसेल तर एवढं पथ्य पाळा: पर्याय एकदा लिहिल्यावर पुन्हा टाइप करू नका, फक्त कॉपी करा. आणि मेल गेल्यानंतर फॉर्ममधल्या पर्यायाला हात लावू नका, एक पूर्णविराम वाढवला तरी लिंक तुटते.

बाकीचे प्रश्न थोडे ठेवा. आपल्या नमुन्यात दोनच: ‘तीन महिन्यांत साधारण किती पुस्तकं नेली?’ (यात ‘एकही नाही’ हा पर्याय हवाच) आणि ‘हवं असून न मिळालेलं एखादं पुस्तक’. सगळं एकाच पानावर राहू द्या. पहिला प्रश्न ‘रिक्वायर्ड’ करू नका, नाहीतर सहाव्या ओळीवरून आलेला माणूस अडकेल.

पायरी ३: सेटिंग्जमधले तीन अडथळे काढा

सेटिंग्जमध्ये ‘लिमिट टू १ रिस्पॉन्स’ चालू असेल तर गूगल खात्यात लॉग-इन केल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही. याहू किंवा कार्यालयाचा पत्ता वापरणारे सभासद तिथूनच परत फिरतात. मेल पत्ते गोळा करण्याचा ‘व्हेरिफाइड’ पर्यायही लॉग-इन मागतो. फाइल जोडायला सांगणारा प्रश्न असेल तरी तेच. तिन्ही बंद ठेवा.

फॉर्म संस्थेच्या किंवा कंपनीच्या गूगल खात्यावरून बनवला असेल तर तो फक्त त्याच संस्थेतल्या लोकांना उघडेल अशी मर्यादा असू शकते. ‘पब्लिश’ करताना उत्तर देणाऱ्यांसाठी ‘एनीवन विथ द लिंक’ निवडलं आहे ना, हे बघा.

पायरी ४: पाच लिंक काढा

फॉर्मच्या संपादनाच्या पानावर वर उजवीकडे तीन ठिपके आहेत. त्या मेनूत ‘प्री-फिल’ हा शब्द असलेला पर्याय निवडा. फॉर्म नव्या टॅबमध्ये उघडेल. फक्त पहिल्या प्रश्नात १ निवडा, बाकी सगळं रिकामं सोडा आणि तळाशी ‘गेट लिंक’ दाबा. मग ‘कॉपी लिंक’. ही लिंक नोटपॅडमध्ये किंवा गूगल शीटमध्ये चिकटवा.

लिंक नीट पाहा. प्रश्नचिन्हापर्यंतचा भाग म्हणजे फॉर्मचा पत्ता. त्यापुढे usp=pp_url हा तुकडा, मग ‘एन्ट्री’ हा शब्द इंग्रजीत, टिंब, एक लांब आकडा, मग = हे चिन्ह आणि शेवटी १. तो लांब आकडा तुमच्या पहिल्या प्रश्नाचा ओळखक्रमांक आहे. फॉर्ममधला प्रश्न पुसून नव्याने बनवलात तर हा क्रमांक बदलतो आणि जुन्या सगळ्या लिंक वाया जातात.

आता हीच लिंक चार वेळा कॉपी करून शेवटचा आकडा २, ३, ४, ५ करा. आकडा इंग्रजीच हवा. मराठी कीबोर्ड चालू असताना देवनागरी चार टाइप झाला तर फॉर्मला तो ओळखता येत नाही. सहाव्या ओळीसाठी प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं काढून टाका.

शब्दांचे पर्याय वापरून हाताने लिंक लिहिणाऱ्यांना दोन चिन्हं हमखास फसवतात. ‘६०+’ असा पर्याय असेल तर लिंकमधलं + हे चिन्ह मोकळी जागा म्हणून वाचलं जातं. आणि ‘चहा & नाश्ता’ लिहिलं तर & पाशी उत्तर तुटतं, कारण लिंकमध्ये & म्हणजे ‘पुढची माहिती सुरू’. असे पर्याय ‘साठच्या पुढे’, ‘चहा आणि नाश्ता’ असे लिहून मोकळे व्हा.

लिंक छोटी करणाऱ्या सेवा इथे वापरू नका. फॉर्म्सची स्वतःची छोटी लिंक घेऊन तिच्या मागे उत्तर चिकटवलं तर ते पोचत नाही. आणि अनोळखी छोट्या लिंकांनी भरलेला मेल स्पॅम गाळणीला संशयास्पद वाटतो.

पायरी ५: मेल लिहा

विषयात सर्वेक्षण हा शब्द नसला तरी चालेल, काय विचारणार ते हवं. ‘हवं ते पुस्तक मिळतं का? एका क्लिकमध्ये सांगा’ असा विषय फोनवरही वाचता येतो. मजकूर सुमारे असा:

‘नमस्कार,
पुढच्या खरेदीची यादी ठरवण्यासाठी सभासदांचं मत हवं आहे. एकूण तीन प्रश्न आहेत. पहिला इथेच आहे.
गेल्या तीन महिन्यांत हवं ते पुस्तक मिळण्याबाबत तुम्ही किती समाधानी आहात? तुमच्या उत्तरावर क्लिक करा.’

मग सहा ओळी. आणि त्याखाली ही सूचना विसरू नका: ‘क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर तुमचं उत्तर निवडलेलं दिसेल. खाली सबमिट दाबलं की ते आमच्याकडे पोचेल.’ गूगल फॉर्म्स वापरताना ही ओळ नसली तर पुष्कळ जण क्लिक करतात, आपलं उत्तर निवडलेलं पाहतात आणि काम झालं असं समजून पान बंद करतात.

जीमेलमध्ये पर्याय टाइप करा, पूर्ण ओळ निवडा, कंट्रोल-के दाबा, लिंक चिकटवा. पुढची ओळ, पुढची लिंक. अक्षराचा आकार ‘लार्ज’ ठेवा आणि दोन पर्यायांत एक ओळ मोकळी सोडा, म्हणजे बोट शेजारी पडत नाही. रंगीत चौकटी हव्यात म्हणून गूगल डॉक्समधून टेबल कॉपी करून चिकटवता येतं, पण त्यात एक खोच आहे. दाबता येतात ते फक्त शब्द, चौकट नव्हे. माणूस चौकटीच्या कोपऱ्यात दाबतो, काही होत नाही आणि त्याला मेलच बिघडलेला वाटतो. सुरुवातीला साध्या, मोठ्या, अधोरेखित ओळीच ठेवा.

नुसता ‘४’ किंवा नुसता तारा लिंक करू नका. दृष्टिहीन वाचक टॉकबॅक किंवा एनव्हीडीएसारखी वाचक-प्रणाली वापरतात. तिला लिंकांची यादी वाचून दाखवायला सांगितली तर ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ एवढंच ऐकू येतं. ‘४ – बऱ्यापैकी समाधानी’ ही पूर्ण ओळ लिंक असली की अर्थ पोचतो. चित्रांचे तारे तर टाळाच. आउटलुकमध्ये बाहेरची चित्रं बऱ्याचदा आपोआप उतरत नाहीत, आणि प्रश्नाखाली पाच रिकाम्या चौकटी दिसतात.

पाचही पर्यायांना एकच रंग आणि एकच आकार द्या. ‘पूर्ण समाधानी’ हिरवं आणि ठळक केलं, तर तुम्ही मत विचारत नाही, मागताय.

एचटीएमएल येणाऱ्यांसाठी

मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या साधनात स्वतःचं एचटीएमएल घालता येत असेल तर पूर्ण पट्टा दाबता येईल असं बटण बनवता येतं. मांडणी टेबलाची, रुंदी जास्तीत जास्त ६०० पिक्सेल, सगळी शैली त्या त्या टॅगमध्येच लिहिलेली. एका ओळीत एक पर्याय. मराठी पर्याय आडवे मांडण्याच्या फंदात पडू नका. ३०० पिक्सेलचे पाच भाग केले तर प्रत्येकाला साठ मिळतात आणि ‘समाधानी’ हा एक शब्दही त्यात धड मावत नाही.

लिंकच्या टॅगला ब्लॉक करून आतून वर-खाली १२ ते १४ पिक्सेलची जागा दिली की जीमेल आणि आयफोनवर पूर्ण पट्टा दाबता येतो. क्लासिक आउटलुक लिंकच्या आतली ही जागा मानत नाही. म्हणून रंग आणि थोडी जागा टेबलाच्या खणालाही द्या, म्हणजे निदान दिसायला बटण राहील. गोल कोपरे तिथे चौकोनी होतात, होऊ द्या. लिंकमध्ये & आलं असेल तर एचटीएमएलमध्ये त्याचं सुरक्षित रूप लिहा.

देवनागरीची तीन पथ्यं आहेत. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा, कारण ओळ आवळली की वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ होतो. खास फॉन्ट मागवण्याची गरज नाही. विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, ॲपलवर कोहिनूर असतोच. मेलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना तेवढं बघा.

जीमेल १०२ किलोबाइटपेक्षा मोठा मेल मध्येच कापतो आणि ‘पूर्ण मेल पाहा’ अशी लिंक दाखवतो. वर्डमधून चिकटवलेल्या मेलमध्ये फालतू कोड इतका असतो की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. प्रश्न वरच ठेवला असेल तर कापला जाणार नाही.

मेलच्या आतच उत्तर पाठवता येईल असं एएमपी नावाचं तंत्र गूगलने २०१९ साली जीमेलमध्ये आणलं. त्यासाठी गूगलकडे पाठवणारा म्हणून नोंदणी करावी लागते, साध्या एचटीएमएलची पर्यायी आवृत्ती जोडावी लागतेच, आणि सगळ्या मेल ॲपमध्ये ते चालत नाही. पहिल्या सर्वेक्षणासाठी त्या वाटेला जाऊ नये.

कुणी उत्तर दिलं हे कळायला हवं का?

हवं असेल तर प्रत्येकाची लिंक वेगळी करावी लागते. फॉर्मच्या शेवटी ‘सभासद क्रमांक’ असा छोटा प्रश्न ठेवा आणि प्री-फिल लिंक काढताना त्यातही काहीतरी भरा. लिंकमध्ये आता आणखी एक & आणि दुसरा ‘एन्ट्री’ भाग दिसेल. गूगल शीटमध्ये सभासद क्रमांकाच्या रकान्यावरून प्रत्येकाच्या पाच लिंक जोडून घेता येतात. मग मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स यांसारख्या साधनातून, किंवा गूगलच्या ॲप्स स्क्रिप्टमधून प्रत्येकाला त्याचा मेल पाठवायचा. फुकट खात्याला ॲप्स स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतो, म्हणजे साडेतीनशे सभासदांना चार दिवस धरा.

असं केलंत तर मेलमध्ये ‘उत्तरं गोपनीय व निनावी’ असं लिहू नका. निनावी ती नाहीतच. क्रमांक कशासाठी घेतलाय ते एका ओळीत सांगा: ‘उत्तर न आलेल्यांनाच आठवणीचा मेल जावा म्हणून सभासद क्रमांक सोबत येतो.’ भारतात २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती कशासाठी घेतली जाते ते स्पष्ट सांगणं अपेक्षित धरलं आहे. पण कायदा नसता तरी सभासदाला हे कळायलाच हवं. शिवाय असा मेल कुणी घरच्यांना पुढे पाठवला, तर त्यांचं उत्तरही मूळ सभासदाच्या क्रमांकावर पडतं. क्रमांकाची खरोखर गरज नसेल तर साध्या सहा लिंकच ठेवा आणि सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये घाला. जीमेलच्या फुकट खात्याची मर्यादा दिवसाला ५०० पत्त्यांची आहे, गूगल वर्कस्पेसची २,०००. साडेतीनशे त्यात बसतात. तरी शंभर-शंभरच्या गटांत पाठवलेलं बरं.

जीमेलच्या खात्यांना दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून गूगलचे नियम कडक आहेत: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या तपासण्या) हवेत, एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय हवी आणि स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत हवं. ते काम डोमेन सांभाळणाऱ्याकडे सोपवा.

यंत्रांचे क्लिक

हा भाग नवख्यांना माहीत नसतो आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. अनेक कंपन्या आणि सरकारी कार्यालयं येणाऱ्या मेलमधली प्रत्येक लिंक सुरक्षिततेसाठी आधी यंत्राकडून उघडून पाहतात. तुमच्या मेलमध्ये पाच उत्तरांच्या पाच लिंक असतात. यंत्र पाचही उघडतं. क्लिकबरोबर उत्तर नोंदणारं साधन असेल तर माणसाने मेल पाहण्याआधीच त्याची पाच उत्तरं पडतात, किंवा शेवटी उघडलेल्या लिंकचं उत्तर टिकतं. बहुधा ते ‘पूर्ण समाधानी’ असतं, कारण यादीत तेच शेवटी आहे.

ओळखायचं कसं? मेल गेल्यापासून काही सेकंदांत आलेली उत्तरं, एकाच व्यक्तीचे एकाच क्षणाला पाचही पर्याय, पुढचे सगळे प्रश्न कोरे, आणि अशा ओळी एकाच कार्यालयाच्या पत्त्यांवरून. त्या निकालातून काढून टाका. मुळात टाळायचं असेल तर क्लिक झाल्यावर निदान एक बटण माणसाला दाबायला लावा. गूगल फॉर्म्समधली ‘सबमिट’ची पायरी त्रासदायक वाटते, पण याच कारणासाठी ती उपयोगाची आहे: यंत्र पान उघडतं, सबमिट दाबत नाही. सबमिटची पायरी गाळून लिंकवरच उत्तर नोंदवण्याच्या क्लृप्त्या सांगितल्या जातात. त्या वापरू नका.

मेल किती जणांनी उघडला या आकड्यावरही विसंबू नका. ॲपलने २०२१ साली आयओएस १५ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे माणसाने मेल न पाहताही तो ‘उघडला’ असा दिसू शकतो. सबमिट झालेली उत्तरं मोजा.

पाठवण्याआधीची तपासणी

स्वतःला आणि दोन सहकाऱ्यांना मेल पाठवा. तो निदान चार ठिकाणी उघडा: संगणकावर जीमेल, अँड्रॉइड फोनवर जीमेल ॲप, आयफोनचं मेल ॲप आणि कुणाकडे असेल तर विंडोजचा क्लासिक आउटलुक. प्रत्येक ठिकाणी सहाही ओळी दाबा. तिसरी दाबली तर तीनच निवडलेलं दिसतं ना, हे वाचून खात्री करा. चौथ्या ओळीला तिसरीची लिंक राहून जाणं ही कॉपी-पेस्टमधली सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती फक्त अशी दाबूनच सापडते. फोनवर डार्क मोड लावून अक्षरं वाचता येतात का तेही पाहा.

ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, एक लिंक उघडा. तिथे लॉग-इन मागितलं तर पायरी ३ पुन्हा तपासा. मग दोन उत्तरं सबमिट करून फॉर्मला जोडलेल्या गूगल शीटमध्ये बरोबर रकान्यात पडली का ते बघा आणि चाचणीच्या ओळी फॉर्ममधून व शीटमधून दोन्हीकडून पुसा.

चाचणीत चूक सापडली तर मूळ मसुद्यात दुरुस्त करा. आलेल्या मेलमधून लिंक कॉपी करून पुन्हा वापरू नका. कार्यालयाच्या मेलमध्ये सुरक्षा-यंत्रणा लिंक बदलून ठेवते आणि तुम्ही ती बदललेली लिंक साडेतीनशे लोकांना पाठवून बसता.

मेलच्या तळाशी एक साधी ओळ ठेवा: ‘वरच्या ओळी दाबता येत नसतील तर संपूर्ण फॉर्म इथे आहे’, आणि तिला उत्तर न चिकटवलेली लिंक द्या. आठवणीचा मेल चार-पाच दिवसांनी, एकदाच. बीसीसीने पाठवला असेल तर कुणी उत्तर दिलं ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून त्यात ‘आधीच उत्तर दिलं असेल तर पुन्हा देऊ नका, आभारी आहोत’ हे सर्वांत वर लिहा, प्रश्नाच्याही वर.